भरावावरची पऱ्हाटी पिवळी पडली? युरियाचं पोतं खाली ठेवा

प्रश्न: वणी भागातल्या बुजवून सपाट केलेल्या खुल्या कोळसा खाणीवर आमच्या गटाने कपाशी लावली. वर फूटभर काळी माती आहे. ऑगस्टमध्ये झाडं पिवळी पडली. दुकानदार एकरी दोन पोती युरिया आणि जिप्सम टाका म्हणतो. माती तपासणीत सेंद्रिय कर्ब भरपूर आलाय. काय करावं?

उत्तर: मातीत युरिया टाकू नका. ओल असताना लोखंडी सळई रोवून पाहा. फूटभरावर ठक्क करून थांबली, की दुखणं सापडलं. वर काळी माती असली तरी खाली फोडलेला वाळूखडक आणि मुरूम, तोही डंपर-डोझरनं दाबलेला. एक झाड उपटा, सोटमूळ आडवं वळलेलं दिसेल. पाणी खाली जिरत नाही आणि मुळं गुदमरतात. अशा मुळांना दोन काय, दहा पोती दिली तरी उचलणार कोण?

अहवालातला कर्बही फसवा आहे. मातीत कोळशाचा चुरा असतो आणि नेहमीच्या तपासणीत त्यातला काही भाग सेंद्रिय कर्ब म्हणून मोजला जातो. त्यातून पिकाला नत्र मिळत नाही. वरची मातीही बरीच वर्षं ढिगात पडून राहिलेली असेल, तर बरेच जिवाणू मेलेले असतात.

जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे. भरावात गंधकयुक्त खनिज असेल तर जमीन आंबट होते. तिथे चुना लागतो, तोही सामू (pH) तपासूनच. वरच्या आणि खालच्या थराचे नमुने वेगळे द्या. तोवर दुकानदाराचं जिप्सम त्याच्याकडेच राहू द्या, आणि ह्युमिक, टॉनिकही.

यंदा फक्त चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन माती बेताची ओली राहिल्यावर, पानांवर 2 टक्के युरियाची एक फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम. जास्त नको, पानं करपतील.

मे महिन्यात भराव खडखडीत कोरडा असताना सबसॉयलर, म्हणजे खालचा दाबलेला थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, चालवा. ओल्यात चालवला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते. ट्रॅक्टरवाला पाऊस पडल्यावर येतो म्हणेल. त्याला परत पाठवा. मग शेणखत आणि हिरवळीच्या खतासाठी एकरी 20 किलो तागाचं बी. फुलोऱ्यावर येताच गाडा, सलग दोन वर्षं. मी सगळ्यांना तागच सांगतो, लोक हसतात. भराव बसून खळगे पडतील, तेही याच काळात भरून घ्या. तिसऱ्या वर्षी बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) लावून तूर. कपाशीचं त्यानंतर बघू.

सबसॉयलरच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघा. सातबारा गटाच्या नावावर नसेल तर आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.