वांद्र्याची डिक्री आणि बारा ओळींचं गेट

ठाण्याच्या एका मुलीने मला विचारलंय: "मावशी, माझं लग्न मशिदीत झालं, कथुबा आहे. नंतर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणीही केली. दोन वर्षांपूर्वी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातून दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. आता मुलीला घेऊन आलियाला यायचंय. उद्या तिकडे पुन्हा लग्न करायचं ठरलं तर कोर्टाची डिक्री अपोस्टिल करून आणली की पुरे ना? तिकडे धर्माचा कायदा चालतो की सरकारचा?" असं विचारणारी ती पहिली नाही, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. (आपल्यात, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांत, नसलेल्यांसाठी: कथुबा म्हणजे लग्नाचा धार्मिक करारनामा, आलिया म्हणजे यहुद्याने इस्राएलात कायमचं राहायला येणं, अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, आणि मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात.)

बाय, पुरे नाही. विमानात बसायला पुरे, लग्नाला नाही. लग्नाला गेट लागतं: नवऱ्याने बायकोला द्यायचा धर्माचा सोडचिठ्ठीचा कागद.

आमचे हझ्झान (मशिदीत प्रार्थना चालवणारे) एक अरामी वाक्य नेहमी सांगायचे: दीना दमलखुता दीना. राज्याचा कायदा तो कायदा. तिसऱ्या शतकात बाबिलोनियात, ससानी राजांच्या अमलाखाली, शमुएल नावाच्या पंडिताने ते म्हटलं आणि तालमुदात, म्हणजे आमच्या पंडितांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, ते चार ठिकाणी आलं. कर भरा, जकात चुकवू नका, जमिनीचे राजाचे नियम पाळा. कोकणात आपण तेच केलं. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवून शनिवार तेली झालो, पण सातबारा, वारसा, इन्कम टॅक्स सगळं सरकारी कायद्यानेच. कुणाला त्यात पाप वाटलं नाही.

पण हे वाक्य पैशापुरतं आणि मालमत्तेपुरतं आहे. कुणाला काय निषिद्ध, कोण कुणाची बायको, हे राजा ठरवत नाही. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात 'गित्तीन' म्हणून एक भाग आहे, त्याच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की बिगर-यहुदी कोर्टात झालेले दस्त, साक्षीदार परके असले तरी, चालतात. फक्त बायकांचं गेट आणि गुलामाच्या सुटकेचा कागद सोडून. म्हणजे वांद्र्याच्या कोर्टाला कुणी कमी लेखत नाही. तुझ्याकडे खरेदीखत असतं तर एकही प्रश्न आला नसता. तुझ्याकडे नेमकी ती वगळलेली गोष्ट आहे.

आता खरी गंमत इथे, इस्राएलात. तुला वाटतं की धर्माचा आणि सरकारचा कायदा समोरासमोर उभे आहेत आणि कुणीतरी एक जिंकतो. तसं नाही. 1953 साली क्नेसेतनेच, म्हणजे इथल्या संसदेनेच, कायदा केला की देशातल्या यहुद्यांची लग्नं आणि घटस्फोट तोराप्रमाणेच (धर्मशास्त्राप्रमाणेच) होतील आणि त्यांचा निवाडा रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कोर्टात, म्हणजे बेत-दीनमध्येच होईल. तुर्कांच्या काळापासून ज्याचं लग्न त्याच्या धर्माकडे अशी रीत होती, इंग्रजांनी ती ठेवली, इस्राएलनेही ठेवली. त्यामुळे "राज्याचा कायदा पाळ" म्हटलं तर राज्यच तुला बेत-दीनच्या दारात नेऊन सोडतं. ठाण्यात तुला रजिस्ट्रारकडे जायची सोय होती. इथे तो रजिस्ट्रार नाही.

त्यामुळे इथे दोन खिडक्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. परतीच्या कायद्याने तुला आत घेणारी एक: तिथे 1970 पासून आजा किंवा आजी यहुदी असली तरी चालतं, आणि गेट झालं की नाही याच्याशी तिला कर्तव्य नाही. (मुलीच्या बापाची नोटरी केलेली संमती मात्र आण, नाहीतर निघतानाच अडकशील.) दुसरी रब्बानुतची, म्हणजे रब्बींच्या सरकारी कार्यालयाची, लग्नाची नोंदणी करणारी. तिला फक्त कथुबा, आईवडिलांची कथुबा, तू यहुदी असल्याचा पुरावा आणि गेटचा दाखला कळतो. तो नसेल तर तिच्या लेखी तू अजून त्याचीच बायको.

सायप्रसला जाऊन लग्न करणारे इथे ढिगाने आहेत. 1963 च्या निकालापासून बाहेरच्या सरकारी लग्नाची नोंद इथलं सरकार करून घेतं. 2023 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने अमेरिकेतल्या युटा राज्यात व्हिडिओवरून लावलेली लग्नंही नोंदवायला सांगितली. तुझ्याजागी कुणी अविवाहित असती तर मी गप्प बसले असते. पण गेटशिवाय दुसरं लग्न करून मूल झालं, तर धर्मशास्त्र त्या मुलाला मम्झेर (निषिद्ध संबंधातलं मूल) म्हणतं, आणि तो शिक्का तुझ्यावर नाही, त्या मुलावर आणि पुढच्या पिढ्यांवर बसतो. इतर यहुद्यांसारखं त्याला रब्बानुतमध्ये लग्न करता येत नाही. म्हणून तुला सायप्रसचा रस्ता मी दाखवणार नाही.

गेट कसं असतं ते मी माझ्या चुलतबहिणीच्या वेळी पाहिलं. खोली आपल्या तहसील कचेरीसारखी, ट्यूबलाइट, स्टीलची कपाटं. दाय्यान (बेत-दीनचे न्यायाधीश) तीन, साक्षीदार दोन आणि एक सोफेर, म्हणजे लेखनिक, पिसाची लेखणी घेऊन. कागद-शाई आधी नवऱ्याच्या मालकीची करतात आणि मग तो सोफेरला म्हणतो, माझ्यासाठी, तिच्यासाठी लिही. बारा ओळी. त्याआधी तासभर नावांचीच चौकशी. पाळण्यातलं नाव काय, मशिदीत कुठल्या नावाने हाक मारतात, घरात काय म्हणतात. नवरा पन्नाशीचा, डोक्याला टक्कल, आणि खालच्या मानेने म्हणाला, "बाळू." सोफेर थांबला. हिब्रूत ळ नाही. दाय्यानांनी तीनदा म्हणवून घेतलं आणि शेवटी ल वर भागवलं. मग बहिणीने अंगठी काढली, दोन्ही हातांची ओंजळ केली, त्याने घडी केलेला कागद वरून टाकला. तिने मुठी मिटल्या, कागद काखेत धरला आणि चार पावलं चालून परत आली. दाय्यानांनी त्या कागदाला काप दिले आणि तो ठेवून घेतला. तिच्या हाती आला एक छापील दाखला. त्यानंतर ब्याण्णव दिवस तिला दुसरं लग्न करता येत नव्हतं.

हा कागद दाय्यान स्वतः देऊ शकत नाहीत. तो नवऱ्याच्याच हातून, त्याच्या मर्जीने यावा लागतो. नवरा अडून बसला तर 1995 च्या कायद्याने बेत-दीन त्याचा पासपोर्ट, गाडीचं लायसन्स, बँकेचं खातं बंद करू शकतं, तुरुंगातही टाकू शकतं. या कायद्याच्याही आधी एक जण तीस वर्षांहून जास्त आत बसला, गेट दिलं नाही, आणि तिथेच मेला. म्हणून माझं एकच सांगणं आहे: तुझा आधीचा नवरा आज फोन उचलतो ना, मग गेट आत्ताच घे. त्याचं दुसरं लग्न, पोटगीची कुरबूर, यातलं काही सुरू व्हायच्या आधी. त्याने इथे यायलाच हवं असं नाही. तो प्रतिनिधी नेमू शकतो, प्रतिनिधीमार्फत गेट तुझ्या हाती येऊ शकतं. आपल्या लोकांचं स्वतःचं बेत-दीन मुंबईत नाही, म्हणून व्यवस्था बाहेरच्या बेत-दीनमार्फत करावी लागेल. मात्र आधी लेखी विचार की त्यांचं गेट इथली रब्बानुत मानते का. सगळ्यांचं मानत नाहीत.

तुला वाटेल, मावशी फारच घाबरवते. पण आपल्या लोकांना हेच गेट एकदा नडलंय. 1962 मध्ये इथल्या मुख्य रब्बानुतने फर्मान काढलं की बेने इस्राएल कुणाशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. कारण काय, तर शेकडो वर्षं कोकणात यांना गेटचे नियम ठाऊक नव्हते, मग कुणी नीट न सुटता दुसरं लग्न केलं असेल तर? माझे मामा तेव्हा बीरशेव्याला होते. लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, बायकामुलांसकट. 1964 च्या ऑगस्टात क्नेसेतला खास बैठक घ्यावी लागली, पंतप्रधान एश्कोल आपल्या बाजूने बोलले, आणि रब्बानुतने त्या फर्मानातून बेने इस्राएल हे नाव काढलं. नाव गेलं, सवय हळूहळू गेली. माझ्या स्वतःच्या नोंदणीच्या वेळी एका गावच्या कारकुनाने (गाव सांगत नाही) आजीची कथुबा मागितलीच. ती नवगावच्या घरात वाळवीने खाल्ली होती. दोन म्हातारे साक्षीला नेले तेव्हा काम झालं.

बाकी गोष्टींची एवढी धास्ती नको. वारसा 1965 च्या सरकारी कायद्याने, मुलीला मुलाइतकाच. तोराप्रमाणे मुलगे असताना मुलीला काही नसतं, पण सगळ्या वारसांनी लेखी मान्य केल्याशिवाय तो वाद रब्बींकडे जातच नाही. नवरा-बायकोच्या मिळकतीचा वाद बेत-दीनपुढे गेला तरी सरकारी कायदाच लावा, असं सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये सांगितलंय. आणि शनिवार: 1951 च्या कायद्याने यहुदी कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी, सलग छत्तीस तास. बस बहुतेक गावांत बंद. घर भाड्याने घेताना भाजीवाला चालत जाण्याइतका जवळ आहे का, ते बघ.

आता पहिलं काम: त्याला फोन कर आणि त्याची सगळी नावं लिहून घे. शाळेतलं, मशिदीतलं, आणि त्याची आई त्याला लाडाने जे म्हणते तेही.