घरामागचा मोटोक्रॉस ट्रॅक: आधी मातीचा हिशेब, मग जेसीबी

मागे एक एकर मोकळी जागा, पैसे बेताचे, आणि त्यात मोटोक्रॉससाठी (मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवत चालवण्यासाठी) दोन टेबलटॉप (सपाट माथ्याचे उडीचे उंचवटे), एक डबल (मध्ये खळगा असलेले दोन उंचवटे) नि व्हूप्सची (लागोपाठच्या छोट्या उंचवट्यांची) रांग बसेल का, असा प्रश्न आहे. जागेत बसेल, पैशात नाही. डबल आणि व्हूप्स सध्या यादीतून काढा. डबलमध्ये उडी थोडी कमी पडली की गाडी दुसऱ्या उंचवट्याच्या समोरच्या भिंतीवर आदळते. व्हूप्स बांधायला सोपे, पण दर काही दिवसांनी पुन्हा आकार द्यावा लागतो, आणि त्यासाठी दर वेळी मशीन कोण बोलावणार?

खरा खर्च मातीचा आणि मशीनच्या तासांचा. एकाच टेबलटॉपचं गणित बघा: उंची 1.2 मीटर, सपाट माथा 4 मीटर लांब, रुंदी 4 मीटर. चढ 25 अंशांचा धरला तर त्याला 2.6 मीटर जागा लागते, उतरण 15 अंशांची धरली तर 4.5 मीटर. दोन्ही बाजूंचे ढाळ 45 अंशांचे धरून दाबलेली माती होते सुमारे 45 घनमीटर. सैल माती दाबल्यावर बसते, म्हणून पाव भाग जास्त मागवायची: 57 घनमीटर, म्हणजे 20 ब्रास. दोन टेबलटॉप आणि दोन बर्म (वळणाच्या बाहेरच्या कडेचे मातीचे बांध) म्हटले की किती डंपर लागतील ते आता तुम्हीच मोजा.

माती विकत घेण्याआधी आसपास कुठे पायाची किंवा तळघराची खोदाई चालू आहे का बघा. तिथे माती टाकायलाच जागा हवी असते. फक्त सळया, काचा, काँक्रीटचे तुकडे असलेला भराव फुकट मिळाला तरी घेऊ नका. माती परखायला बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू एक-दोन मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्त. तिन्ही थर ठळक दिसले तर उत्तम. नुसत्या वाळूचा चढ उभा राहत नाही. नुसती चिकणमाती पावसात साबण होते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात वाळू मिसळा.

15 अंशांची उतरण लोकांना फार लांब वाटते, आणि माती वाचवायला ते ती 20 अंशांवर आणतात. वरच्या मापात 25 अंशांच्या चढावरून ताशी 26 किमीने सुटलेली गाडी माथा जेमतेम ओलांडते. उतरण 20 अंशांची असेल तर 30 किमीलाच ती पायथ्याशी पोचते, त्यापुढे सपाटीवर. 15 अंशांना हीच मर्यादा 33 किमीपर्यंत जाते. म्हणजे चुकायला 4 किमीऐवजी 7 किमीची मुभा. हे कागदावरचे आकडे आहेत. सस्पेन्शनची उसळी आणि चालकाचं वजन कुठे आहे त्यावर ते बदलतात. म्हणून पहिल्यांदा 60 सेंटिमीटरवर थांबा, चालवून बघा, मग वर चढवा. उंची नंतर वाढवता येते. जास्तीची माती काढायला मात्र पुन्हा मशीन लागतं.

चढाचा आकार तळाशी गोलसर आणि शेवटचा दीड-दोन मीटर अगदी सरळ हवा. मोठ्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतरच साधारण दीड मीटर असतं. टोकापर्यंत वळण राहिलं तर मागचं चाक सुटताना सस्पेन्शन दाबलेलं असतं, ते उसळतं आणि गाडी नाकावर जाते. पहिल्या उडीतच तोंडावर पडण्याचं हे नेहमीचं कारण, आणि दोष मात्र चालकाला दिला जातो.

भराव घालण्याआधी गवत-मुळ्यांसकट वरची 10-15 सेंटिमीटर माती खरवडून बाजूला ठेवा. मुळ्या आत कुजल्या की वर्षभरात माथा खचतो. ती माती शेवटी बाजूच्या ढाळांवर पसरून गवत लावा; धूप थांबते. भराव 15-20 सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर ओलसर (मुठीत गोळा व्हावा, पण पाणी गळू नये), आणि दर थरावरून मशीनची चाकं फिरवून दाबायचा. एकदम ढीग ओतून वरून बकेटने थोपटलेला टेबलटॉप पहिल्या पावसात बसतो. चढाचं टोक हाताने, धुम्मस घेऊन पक्कं करा. चाकं तिथवर नीट पोचत नाहीत.

मशीन येण्याआधी खुंट्या ठोकून फक्कीने सगळी आखणी तयार ठेवा, आणि डंपरला माती ज्या त्या उडीच्या जागीच ओतायला लावा. मालक विचार करत उभा असला तरी मशीनचं मीटर पळतच असतं.

वळणाची त्रिज्या मध्यरेषेवर 6-7 मीटर, बर्म 80-90 सेंटिमीटर. बर्मची माती वळणाच्या आतूनच खरवडून बाहेर ढकलली तर डंपर वाचतो, पण आत खळगा होतो आणि पाणी तिथेच साचतं. त्याला चर काढून बाहेर वाट द्या. उरलेल्या ट्रॅकला 2 टक्के आडवा ढाळ पुरतो. उतरण संपल्यावर वळणापर्यंत किमान 15 मीटर सरळ जागा सोडा.

एका एकरात 250-300 मीटरचा फेरा निघतो. 280 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद ट्रॅकवर 5 मिलिमीटर पाणी मारायचं तर 7,000 लिटर लागतं. हा हिशेब सहसा कोणी करत नाही, मग धूळ उडते आणि शेजारी दारात येतात. पाणी आदल्या संध्याकाळी मारा. चालवण्याच्या तोंडावर मारलं तर वर निसरडं, खाली कोरडं. सपाट भाग कल्टिव्हेटरने 10 सेंटिमीटर उकरून मग भिजवला तर ओल टिकते; चढ मात्र कधीही उकरू नका.

कडेला लोखंडी खुंट्या किंवा अर्धे पुरलेले टायर नकोत, पाय अडकतो. पेंढ्याचे गठ्ठे चालतात. फेरा एकाच दिशेने. टेबलटॉपपलीकडे पडलेला माणूस मागच्याला दिसत नाही, म्हणून तिथे झेंडा घेऊन कोणी उभं असेल तेव्हाच दोन गाड्या आत सोडा. आवाज आणि भरावाबाबतचे स्थानिक नियम पहिला डंपर येण्याआधी विचारून घ्या.