प्रश्न वाचकांचे : छायाचित्रे पुसली गेली का?

प्रश्न : ठाण्यातील तलावांवर मी एक पुस्तिका लिहीत असून तिची सुमारे १४० पाने टंकून झाली आहेत. परवा ‘वर्ड’मध्ये फाईल उघडली, तेव्हा पानांच्या माथ्यावरचे शीर्षक, पृष्ठक्रमांक आणि बरीचशी छायाचित्रे दिसेनाशी झाली होती, पान संपते तेथे नुसती तुटक रेघ होती. माझे काम बिघडले आहे का? कोणता व्ह्यू (फाईल पडद्यावर दाखवण्याची पद्धत) केव्हा वापरावा?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काम बिघडलेले नाही. छायाचित्रेही फाईलमध्येच आहेत, म्हणून ती पुन्हा घालू नयेत. घातल्यास पुढे तीच चित्रे दोनदा आलेली दिसतील. आपण सांगितलेल्या खुणा ‘ड्राफ्ट’ या व्ह्यूच्या आहेत. त्यात माथ्यावरचा मजकूर आणि पृष्ठक्रमांक दाखवले जात नाहीत, आणि ज्या चित्रांभोवती मजकूर वळवून घेतलेला असतो तीही दिसत नाहीत. ओळीतच एखाद्या अक्षरासारखे बसवलेले चित्र मात्र दिसते. काही छायाचित्रे राहिली आणि काही गेली, त्याचे कारण हेच. ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘प्रिंट लेआउट’ निवडावे, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि पी या कळा एकदम दाबाव्यात. त्यानंतरही माथ्यावरचे शीर्षक दिसले नाही, तर पानांमधली मोकळी जागा मिटलेली असेल. दोन पाने जुळतात त्या रेघेवर माउसने दोनदा टिचकी मारली की ती उघडते.

व्ह्यू बदलल्याने फाईलमधील मजकुरात काना-मात्रेचाही फरक पडत नाही, एवढे ध्यानात ठेवले की निवड सोपी होते. मजकूर सलग लिहिताना ड्राफ्ट उत्तम, कारण पानाची मांडणी समोर नसल्याने लक्ष वाक्यावर राहते. चित्रांची जागा, समास आणि पान कोठे तुटते हे मात्र प्रिंट लेआउटमध्येच ठरवावे.

आपल्या पुस्तिकेसाठी मी आग्रहाने सुचवीन तो व्ह्यू म्हणजे ‘आउटलाइन’. मासुंदा, उपवन, कचराळी अशी प्रकरणे असतील आणि उपवन आधी घ्यावे असे उद्या वाटले, तर वीस-पंचवीस पाने निवडून, कापून दुसरीकडे चिकटवण्यात एखादा परिच्छेद हमखास मागे राहतो. आउटलाइनमध्ये ‘शो लेव्हल’ १ ठेवले की केवळ प्रकरणांची नावे उरतात. नावाशेजारचे अधिकचिन्ह धरून वर ओढले, की त्याखालची उपशीर्षके, परिच्छेद आणि तळटीपांचे क्रमांक, सारे त्याच्याबरोबर सरकते. यासाठी प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ आणि उपशीर्षकांना ‘हेडिंग २’ ही स्टाइल, म्हणजे वर्डमधला मजकुराचा तयार साचा, दिलेली हवी. आपल्याकडे शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करण्याची सवय सर्रास आढळते. पण वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो आणि आउटलाइनमध्ये शीर्षक म्हणून उभा राहत नाही. १४० पानांना स्टाइल देण्यात एक दुपार जाईल, परंतु पुढे अनुक्रमणिकाही त्याच शीर्षकांवरून आपोआप तयार करता येते.

‘वेब लेआउट’ची आपल्याला क्वचितच गरज पडेल. त्यात पानांची विभागणी नसते आणि ओळी खिडकीच्या रुंदीप्रमाणे वळतात, त्यामुळे पानाबाहेर जाणारा रुंद तक्ता तपासताना तो उपयोगी पडतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त ईमेलने आले. फाईल पुस्तकासारखी उघडते, पण त्यात दुरुस्ती करता येत नाही.
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : फाईल ‘रीड मोड’मध्ये उघडली आहे, एस्केप ही कळ दाबली की नेहमीचे पान येते. वर पिवळी पट्टी दिसत असेल आणि फाईल ओळखीच्या व्यक्तीकडूनच आलेली असेल, तर पट्टीवरील ‘एनेबल एडिटिंग’ दाबावे. दर वेळी असेच होत असल्यास ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ येथे जाऊन ईमेलच्या जोडफाइली वाचनाच्या व्ह्यूमध्ये उघडण्याच्या पर्यायावरील खूण काढून टाकावी.