शान गाव बघायचंय? मग पावतीवर गावाचं नाव लिहून घ्या

'शान अँड हिल ट्राइब कल्चरल व्हिलेज, हस्तकला, जेवण, हॉटेल ते हॉटेल, सगळं एका दिवसात.' उत्तर थायलंडातल्या चियांग माईच्या दुकानातलं हे पत्रक तुम्ही इथे टाकलंत आणि विचारलंत की ऑक्टोबरमध्ये आईंना घेऊन या टूरला जावं का. असलंच पत्रक हातात धरून मीही टूरला गेलेली आहे. त्यावर गळ्यात पितळी कड्यांची चळत घालून मागावर बसलेल्या बाईचा फोटो आहे ना? ती बाई शान नाही, कयान आहे.

शान लोक ताई कुळातले, म्हणजे थाई आणि लाओ लोकांचे भाऊबंद. आपल्या आसामातले आहोम आणि ताई फाके हेही त्यांचे नातलगच. कयान हे कारेन लोकांच्या जवळचे, त्यांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. म्यानमारच्या लष्कराच्या जाचामुळे १९८०-९०च्या दशकांत ते सीमा ओलांडून थायलंडमध्ये आले. हे सगळं मला त्या टूरच्या आधी माहीत होतं, आणि म्हणूनच दुकानात दोनदा विचारून घेतलं होतं की गाव शानच आहे ना. "येस येस, शान."

गाडी थांबली ती तिकीटखिडकीपाशी. आत एका ओळीत स्टॉल, प्रत्येकावर तेच रंगीत स्कार्फ आणि कड्या घातलेली एक बाई. गाइडला विचारलं, शान कुठे आहेत? तो म्हणाला, सगळे बर्माचेच, सेम सेम. दुपारी दुकानात परत आले तर काउंटरवरच्या मुलीने पावती माझ्यासमोर धरली. पावतीवर 'कल्चरल व्हिलेज' एवढंच लिहिलेलं. मग मी तक्रारीसाठी एका कार्यालयात गेले (नाव लिहीत नाही, उगाच नसती भानगड नको). तिथे आधी दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून थाई भाषेतला फॉर्म घेऊन परत पहिल्या खिडकीवर. शेवटी एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण गाव दाखवलं ना?" अर्धा दिवस गेला, पैसे तर गेलेच. पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा. ज्या बायकांना बघायला तिकीट लावलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांकडे थाई नागरिकत्व नाही. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने जाहीर तक्रार केली होती की न्यूझीलंड आणि फिनलंड घ्यायला तयार असूनही काही कयान लोकांना थायलंड सोडू देत नाहीत. आणि आमच्यासाठी ते सेम सेम!

त्यामुळे माझं ठाम मत: पावतीवर गावाचं नाव, तालुक्यासकट, थाई लिपीत लिहून घ्या. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर उत्तर मिळालंच. आणि 'शान' म्हणून विचारू नका. थायलंडमध्ये त्यांना ताई याई म्हणतात. उत्तर थायलंडात 'ङिआव' असाही एक जुना शब्द कानावर येईल. तो हिणवणारा आहे, आपण माणसांसाठी वापरू नये.

एका दिवसाचं म्हणाल तर नकाशा उघडून बघा. थायलंडमधला ताई याई लोकांचा खरा मुलूख म्हणजे मॅ हाँग सोन प्रांत. चियांग माईहून पाई गावामार्गे, १०९५ नंबरच्या रस्त्याने, साधारण २४५ किलोमीटर, म्हणजे सहा तास धरा. मॅ हाँग सोनच्या वाटेवरच्या १८६४ वळणांचं तिथे एवढं कौतुक आहे की त्याची प्रमाणपत्रं मिळतात. आईंना गाडी लागत असेल तर गोळी चियांग माईतच द्या, पाईला पोचल्यावर देऊन उपयोग नाही. तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत आणणारा माणूस तुम्हाला मॅ हाँग सोनला नेत नाहीये, हे नक्की. खरोखर एकच दिवस असेल तर टूर सोडा आणि शहरातल्याच वाट पा पाओला जा. ते शान लोकांचं बौद्ध देऊळ आहे, आणि चियांग माईत पोटापाण्यासाठी आलेले शान लोक तिथे येतात.

तीनचार दिवस काढता आले तर ऑक्टोबरसारखा महिना नाही. वर्षावास, म्हणजे बौद्ध भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपतो ती पौर्णिमा बहुधा आपल्या कोजागिरीच्या आसपासच येते. त्या सुमारास ताई याई लोक घरासमोर आणि देवळात 'चोंग फारा' उभारतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर बारीक कातरलेले रंगीत कागद, फळं टांगलेली, रात्री दिवे. आपल्या गणपतीचं मखर डोळ्यांसमोर आणा, फक्त हे मजल्यांवर मजले चढवलेलं. आईला धर्म सांगून स्वर्गातून परतणाऱ्या बुद्धाच्या स्वागतासाठी हा महाल. हस्तकला बघायची तर ही बघा, कारण ती विकायला केलेली नाही. सणाच्या आधीच्या दिवसांत गेलात तर कागद कातरणारे हात दिसतील. सणाच्या दिवशी फक्त तयार महाल दिसतो.

बांबूच्या खोडावरच्या पापुद्र्यांची 'कुप ताई' टोपी, तिळाच्या तेलाचे घाणे, देवळांच्या वळचणीला लावलेली पत्र्याची जाळीदार नक्षी, हे मॅ हाँग सोनच्या आसपास हिंडताना दिसतं. गाव म्हणून मी खुन युआम तालुक्यातलं मुआंग पोन सुचवेन. ते ताई याई गाव आहे आणि गावकरीच होमस्टे चालवतात. (माझा त्यांच्याशी काहीही आर्थिक संबंध नाही. सोयी बदलतात, आधी फोन करून घ्या.)

कुणी मार्च-एप्रिलच्या 'पोय सांग लोंग'ला जा म्हणेल. सोहळा देखणा आहे यात वाद नाही. श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, होणाऱ्या मुलांना राजपुत्रांसारखं सजवून मोठ्यांच्या खांद्यावरून मिरवतात, पाय जमिनीला लागू देत नाहीत. पण त्याच दिवसांत तिकडे रानं आणि शेतं जाळल्याचा धूर कोंडलेला असतो. दमा असलेल्या माणसाला घेऊन मी जाणार नाही, बाकी ज्याने त्याने ठरवावं.

म्यानमारमधल्या इनले सरोवराचे फोटो पाठवणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. ते शान राज्यात असलं तरी पाण्यावर राहणारे ते लोक शान नाहीत, इंथा आहेत. शिवाय २०२१च्या लष्करी उठावानंतर त्या राज्यात अनेक भागांत लढाई झालेली आहे. हौसेखातर आईंना तिकडे नेऊ नका.

खाण्याचं: तुम्ही शाकाहारी आहात म्हणालात. 'नाम ङिआव' नूडल्समध्ये काटेसावरीची वाळलेली फुलं असतात, ते ऐकून मोह होतो, पण त्यात डुकराचं मांस आणि बहुतेकदा रक्तही असतं. त्याऐवजी सकाळच्या बाजारात शान टोफू मागा. हा सोयाबीनचा नाही, हरभऱ्याचं पीठ शिजवून घोटतात आणि गरमच नूडल्सवर ओततात. वर काय घालणार ते मात्र विचारा. फिश सॉसही नको असेल तर 'जे' म्हणा, कळतं. 'थुआ नाव' म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या. वासाने घाबरू नका, पण विमानात बॅगेत टाकणार असाल तर दुहेरी पिशवीत बांधा.

एक राहिलंच. होमस्टेत गादी बहुधा जमिनीवर असते आणि जुन्या घरांना जिना असतो. आईंच्या गुडघ्यांचं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं आहे, तेव्हा खाली खोली आणि कमोड आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा.