कवेलू गेले, शेगडी राहिली

प्रश्न : काका, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. माझ्या सासूबाई (वय 78) थंडीत काटोलहून आमच्याकडे येतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवली आणि खिडक्या लावून घेतल्या. सकाळी त्यांचं आणि त्यांच्याजवळ झोपलेल्या माझ्या मुलीचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. पित्त असेल म्हणून सोडून दिलं. आता मुलानं 5 किलोच्या सिलिंडरवर चालणारा गॅस हीटर आणलाय. तो कसा जोडायचा? रात्रभर चालवला तर चालेल का?

उत्तर : ताई, रात्रभर नाही. आणि आधी त्या सकाळचं बोलू. एका खोलीतल्या दोघींना एकाच वेळी पित्त होत नाही. तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असावा. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लालबुंद निखाऱ्यांतून धूर येत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, तिथंच फसतो. दोघींना डॉक्टरांकडे न्या आणि शेगडीचं आवर्जून सांगा.

सासूबाई म्हणतील, जन्मभर शेगडी उशाशी घेऊन झोपले. खरंय त्यांचं. महालातल्या आमच्या घरी माझी आजीही झोपायची. पण ते घर कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. कवेलूच्या फटींतून पहाटे चांदणं दिसायचं, तिथूनच वाईट हवा निघून जायची. तुमच्या घरावर स्लॅब आहे, खिडक्या सरकत्या काचेच्या. शेगडी तीच, खोली बदलली.

आता हीटर. मी इतवारीत 31 वर्षं शेगड्या आणि हीटर दुरुस्त केले, म्हणून सांगतो : रेग्युलेटर घरगुती गॅसचाच हवा, टपरीवरच्या भट्टीचा जास्त दाबाचा नको. सिलिंडर एजन्सीचा घ्या, गल्लीत भरून मिळणारा घेऊ नका. नळी आयएसआय शिक्क्याची, नारिंगी सुरक्षा नळी; 5 वर्षांनी बदलायची. सिलिंडर उभाच ठेवा. जोडल्यावर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खाली अंथरूण घालणाऱ्यानं जास्त जपावं. वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

पेटवताना बटण दाबून काही सेकंद धरून ठेवावं लागतं. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी असेल तर बंद करून मेकॅनिककडे न्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा. थंडी येईल, येऊ द्या. पलंग, पडदा, गोधडी हीटरपासून निदान 1 मीटर लांब.

बऱ्याच हीटरमध्ये खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझवणारी सोय असते. एकदा एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं, ‘सारखा विझतो, ते काढून टाका.’ घरात नातू होता त्यांच्या. मी हीटर तसाच परत दिला आणि आधी खिडकी उघडायला सांगितली. तुमचाही विझला तर लगेच पेटवू नका. खोलीत हवा उरली नाही, हेच तो सांगतोय.

संध्याकाळी 7 ते 9 लावा, सगळे जागे असताना. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद. मग गरम पाण्याची पिशवी, पायमोजे, दुलई. 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 अंशांवर गेला, तेव्हाही आम्ही दुलईतच झोपलो.

आणि शेगडी हवीच असेल तर अंगणात पेटवा, सासूबाईंना शाल देऊन शेजारी बसवा. निखारे विझले असं वाटलं तरी ती रात्रभर बाहेरच राहू द्या. राखेखाली सकाळपर्यंत धग असते.