कुत्र्याने धरलेल्या कोंबडीची जखम: हिरवी कातडी, दातांची भोके आणि घरचे उपचार

प्रश्न: परसातल्या कोंबडीला तीन दिवसांपूर्वी कुत्र्याने धरले. पाठीवरची पिसे गेली, तळहाताएवढी कातडी फाटली. ती चालते, पाणी पिते. पण आज जखमेच्या कडेला कातडी हिरवी दिसते. जखम सडली का? घरी काय करता येईल?

उत्तर: नुसता हिरवा रंग असेल तर घाबरू नका. मुका मार लागला की कोंबडीची कातडी दोन-तीन दिवसांत हिरवी पडते. साकळलेले रक्त विरताना बिलीव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य तयार होते, त्याचा तो रंग. हळूहळू जातो. जखम सडली असेल तर घाण वास येतो आणि कातडी काळपट, थंड लागते. एकदा जवळून वास घेऊन बघाच.

मला जास्त काळजी दातांच्या भोकांची वाटते. कातडी केवढीही फाटलेली दिसो, ती बहुतेकदा भरून येते. कोंबड्यांची ही ताकद चकित करणारी आहे. दाताचे बारीक भोक मात्र वरून मिटते आणि आत जंतू वाढतात. म्हणून पिसे ओली करून सारा, पंखाखाली आणि मांडीच्या आतून तपासा. कुत्र्याचा जबडा दोन्ही बाजूंनी बसतो, तेव्हा पाठीवर खुणा असतील तर पोटाकडेही शोधा. भोक सापडले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा, अँटिबायोटिक लागण्याची शक्यता मोठी असते. मांजराने धरले असेल तरी हेच.

उघडी जखम घरी धुता येते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, सुई काढलेल्या सिरिंजने हलकी धार सोडा, माती आणि चिकटलेली पिसे निघेपर्यंत. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. कडेची पिसे कातरा, ओढू नका; बुडात रक्त दिसणारी कोवळी पिसे कापूही नका, भळभळ रक्त येते. बरगड्यांजवळ खोल भोक असेल तर आत पाणी सोडायचे नाही. पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्या तिथपर्यंत असतात, पाणी थेट त्यांत जाऊ शकते. धरतानाही छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते; छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच तिचा श्वास चालतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नका, नवी कातडी जळते. जखमेत कोणतीही पूड दाबून भरू नका. वेदना कमी करणारी, लिडोकेन किंवा बेंझोकेन असलेली मलमेही मनाने लावू नयेत. कोंबडीचा पू वाहत नाही, पिवळट घट्ट गोळा होऊन बसतो. तो पिळून निघत नाही, डॉक्टरांनाच काढू द्या.

तिला वेगळे ठेवा. लाल दिसले की बाकीच्या कोंबड्या चोची मारतात आणि बरी होत आलेली जखम पुन्हा उकरतात. उबदार, अंधारी, कोरडी जागा द्या, भुसा नको, स्वच्छ कापड अंथरा आणि वर बारीक जाळी टाका. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातही अळ्या निघतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा.

कातडीखाली हवा भरून बोटाला चुरचुर लागली, जखमेतून खाल्लेले दाणे किंवा प्यालेले पाणी बाहेर आले, तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर घरचे उपचार थांबवून लगेच दवाखाना गाठा. औषध सुरू झाले की अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही, हे डॉक्टरांकडून तेव्हाच विचारून घ्या. प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते. आणि हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.