वाझूमध्ये प्रत्येक गटाला फक्त स्वतःच्याच यंत्रांच्या नोंदी दिसाव्यात, यासाठी परवानग्या कशा आखाव्यात?

आपला प्रश्न मी असा समजतो : नागरी सहकारी बँकेत वाझू (यंत्रांच्या नोंदी गोळा करून संशयास्पद घटनांचे इशारे देणारी सुरक्षा प्रणाली) बसवून झाले आहे, मुख्य कार्यालयातील सर्व्हर, शाखांमधील संगणक आणि फायरवॉल यांच्या नोंदी एका ठिकाणी येऊ लागल्या आहेत, आणि आता नेटवर्क सांभाळणारे, शाखांना तांत्रिक मदत करणारे व कोअर बँकिंगचा (बँकेच्या खाते-व्यवहारांच्या मुख्य प्रणालीचा) बाहेरचा विक्रेता अशा तीन गटांना डॅशबोर्ड हवा आहे. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचेच दिसावे, अशी आपली इच्छा आहे. सध्या मात्र सगळेच ‘ॲडमिन’ या एका खात्याने आत जातात. अशा यंत्रणा उभारणे आणि चालवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

‘केवळ वाचण्याचा’ अधिकार निरुपद्रवी असतो, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. विंडोजमध्ये लॉगिन फसले की ४६२५ क्रमांकाची नोंद होते आणि तिच्यात वापरकर्त्याने टाइप केलेले नाव जसेच्या तसे येते. घाईत नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करणारा कर्मचारी प्रत्येक कार्यालयात असतो; त्याचा पासवर्ड त्या नोंदीत उघडा पडतो आणि लगेच पुढच्या यशस्वी लॉगिनच्या ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत त्याचे खरे नावही मिळते. नवी प्रक्रिया सुरू झाल्याची ४६८८ क्रमांकाची नोंद कमांड लाइनसह घेत असाल, तर एखाद्या स्क्रिप्टला दिलेला डेटाबेसचा पासवर्डही तिच्यात येऊ शकतो; ज्याला या नोंदी वाचता येतात त्याला ही माहितीही वाचता येईल, असा इशारा खुद्द मायक्रोसॉफ्टने या सुविधेच्या दस्तऐवजात दिलेला आहे. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघड्या रूपात साठत होते, असे सांगून ट्विटरने मे २०१८ मध्ये आपल्या सर्व, म्हणजे सुमारे ३३ कोटी, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. त्यामुळे विक्रेत्याला द्यायची वाचनाची परवानगी ही प्रत्यक्षात काही पासवर्ड, ग्राहकांचे काही क्रमांक आणि कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा हाती देण्याची परवानगी आहे, असे धरूनच आखणी करावी.

वाझूमध्ये परवानग्यांची दोन स्वतंत्र ठिकाणे आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिले ठिकाण म्हणजे वाझू सर्व्हरचे एपीआय, म्हणजे त्याला आज्ञा देण्याचा मार्ग : एजंटांची (प्रत्येक यंत्रावर बसून नोंदी पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) यादी, त्यांचे गट, त्यांची मांडणी आणि एजंट पुन्हा सुरू करण्यासारख्या कृती कोणाला करता येतील, हे तिथल्या पॉलिसी (नियम) आणि रोल (परवानग्यांचे संच) ठरवतात. दुसरे ठिकाण म्हणजे वाझू इंडेक्सर, जो मुळात ओपनसर्च, म्हणजे डेटा साठवून त्यात शोध घेणारे सॉफ्टवेअर, आहे : प्रत्यक्ष अलर्ट, म्हणजेच घटनांचा डेटा, इथे साठतो आणि तो कोणी वाचावा हे ओपनसर्चच्या सुरक्षा प्लगिनमधले रोल ठरवतात. पहिल्या ठिकाणी एखाद्याला एकच एजंट दिसेल अशी व्यवस्था केली आणि दुसरे ठिकाण मोकळे ठेवले, तर त्याला एजंटांच्या यादीत एकच यंत्र दिसेल, पण शोधाच्या पानावर संपूर्ण बँकेचे अलर्ट दिसत राहतील. दोन्हीकडे रोल तयार करावे लागतात, आणि डॅशबोर्डच्या मांडणीत ‘रन ॲज’ हा पर्याय चालू करून त्या व्यक्तीची ओळख एपीआयच्या रोलशी जोडावी लागते. तो पर्याय बंद असेल तर डॅशबोर्ड सगळ्यांच्या वतीने एकाच एपीआय-खात्याने बोलतो.

इंडेक्सरमधली गाळणी ‘डॉक्युमेंट लेव्हल सिक्युरिटी’ या नावाने येते. रोलमध्ये एक क्वेरी, म्हणजे शोधाची अट, लिहायची, आणि त्या क्वेरीत बसणाऱ्या नोंदीच त्या रोलच्या माणसाला दिसतात. यात अडचण अशी की अलर्टमध्ये एजंटचा क्रमांक आणि नाव असते, पण तो कोणत्या गटातला आहे हे आपोआप लिहिलेले नसते. त्यामुळे प्रत्येक गटाच्या सामाईक मांडणीत एक लेबल घालावे, उदाहरणार्थ ‘शाखा’, ‘नेटवर्क’ किंवा ‘कोअर’, म्हणजे त्या गटातल्या एजंटांच्या प्रत्येक अलर्टबरोबर ते लेबल साठत जाईल आणि क्वेरी त्या लेबलावर लिहिता येईल. हे लेबल अलर्ट तयार होतानाच चिकटते. जुन्या नोंदींना ते मागाहून लागत नाही, म्हणून सुरुवातीला गटाला फक्त आजपासून पुढचेच दिसेल हे संबंधितांना आधीच सांगून ठेवावे. आपल्या फायरवॉलवर एजंट नसेल आणि तिच्या नोंदी सिसलॉगने (नेटवर्कवरून नोंदी पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीने) थेट सर्व्हरवर येत असतील, तर त्या सर्व नोंदी मॅनेजरच्या, म्हणजे वाझू सर्व्हरच्याच, ००० या क्रमांकाखाली पडतात, त्यामुळे नेटवर्कच्या गटासाठी लेबल कामाला येणार नाही. तिथे नोंद कोणत्या ठिकाणाहून आली ते सांगणाऱ्या फील्डवर किंवा त्या फायरवॉलच्या डिकोडरच्या (नोंदीचे भाग वेगळे करणाऱ्या नियमाच्या) नावावर क्वेरी लिहावी.

एका व्यक्तीकडे दोन रोल आले तर काय होते, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. ओपनसर्चमध्ये गाळणी असलेले दोन रोल एकत्र आले की त्यांची बेरीज होते, म्हणजे ‘शाखा’ आणि ‘कोअर’ या दोन्हींच्या नोंदी दिसू लागतात. गाळणी असलेला एक रोल आणि गाळणी नसलेला दुसरा रोल एकत्र आल्यास मूळ स्थितीत गाळणी टिकते, परंतु ‘डीएफएम एम्प्टी ओव्हरराइड्स ऑल’ ही सेटिंग कोणी चालू केली असेल तर गाळणी नसलेला रोल वरचढ ठरतो. आपल्या सर्व्हरवर ती सेटिंग कशी आहे हे मांडणीच्या फायलीत प्रत्यक्ष उघडून पाहावे.

आता माझे मुख्य मत. विभागानुसार गाळण्या लावण्याच्या आधी डेटाची संवेदनशीलतेनुसार वाटणी करावी आणि ती नोंद साठवतानाच करावी. एकाच इंडेक्समध्ये (नोंदींच्या साठ्यात) सगळे ओतून नंतर क्वेरीने झाकत बसण्याची पद्धत एका चुकलेल्या अटीने उघडी पडते. जो डेटा मुळात वेगळ्या इंडेक्समध्ये आहे आणि ज्याचे नावच त्या रोलमध्ये नाही, तो चुकून दिसण्याची शक्यता फारच कमी राहते. आपल्या बाबतीत मी दोनच भाग करेन : एका बाजूला ओळख आणि प्रवेश यांच्या नोंदी, कोअर बँकिंगच्या सर्व्हरच्या नोंदी आणि स्वतः देखरेख करणाऱ्या चमूच्या संगणकांच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. चमूच्या संगणकांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण उद्या चौकशी त्याच चमूतल्या एखाद्याची निघाली तर त्याला स्वतःवरचे अलर्ट वाचता येऊ नयेत.

ही वाटणी फाइलबीटच्या (अलर्ट इंडेक्सरकडे पोचवणाऱ्या साधनाच्या) इनजेस्ट पाइपलाइनमध्ये, म्हणजे नोंद साठण्याआधीच्या प्रक्रियेत, इंडेक्सचे नाव ठरवणाऱ्या पायरीवर करता येते. नावाची सुरुवात मूळ नावासारखीच ठेवावी, नाहीतर फील्डचे प्रकार ठरवणारे टेम्प्लेट लागू होत नाही. मात्र रोलमध्ये इंडेक्सचे नाव लिहिताना शेवटी सरसकट तारांकन देऊ नये, कारण मग संवेदनशील इंडेक्सही त्यात बसतो. निदान ‘बाकी सगळे’ या भागाला स्वतःचा वेगळा शब्द जोडून त्यावरच परवानगी द्यावी. बदललेल्या पाइपलाइनची प्रत जपून ठेवावी, कारण आवृत्ती बदलताना फाइलबीटचे मॉड्यूल नव्याने टाकले की आपला बदल पुसला जातो.

दोनच भाग का, तर त्यामागे साधा हिशोब आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आपल्याला १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. वाझूच्या मूळ टेम्प्लेटमध्ये दर दिवसाच्या इंडेक्सला तीन शार्ड (साठवणीचे तुकडे) असतात, म्हणजे १८० दिवसांचे ५४० शार्ड झाले. दोन भाग केले की १,०८० होतात, आणि ओपनसर्चची एका नोडवरची (इंडेक्सरच्या एका सर्व्हरवरची) मूळ मर्यादा १,००० शार्डची आहे. ती ओलांडली की नवा इंडेक्स तयार होत नाही आणि एखाद्या सकाळी डॅशबोर्ड रिकामा दिसतो. आपला इंडेक्सर एकाच नोडचा असेल तर टेम्प्लेटमध्ये शार्डची संख्या एकवर आणावी, मग दोन भागांचे मिळून ३६० च शार्ड होतील. विभागवार आठ-दहा तुकडे करण्याचा मोह टाळावा. विभागांसाठी लेबलावरची गाळणी पुरेशी आहे.

काही फील्ड झाकायची असतील तर ओपनसर्चमध्ये फील्ड पूर्ण वगळण्याची आणि मास्किंगची अशा दोन्ही सोयी आहेत, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मास्किंगमध्ये मूळ मूल्याऐवजी त्याचा हॅश (त्यावरून गणिताने बनवलेला सांकेतिक मजकूर) दिसतो, त्यामुळे ‘हेच खाते पुन्हा पुन्हा फसते आहे’ हे कळते, पण खाते कोणाचे हे कळत नाही. इथे दोन सापळे आहेत. विंडोजच्या अलर्टमध्ये वापरकर्त्याचे नाव स्वतंत्र फील्डमध्ये असते आणि शिवाय संदेशाच्या पूर्ण मजकुरातही असते. पहिले झाकले आणि दुसरे तसेच ठेवले तर काहीच झाकलेले नाही. लिनक्सच्या नोंदींमध्ये ‘फुल लॉग’ या फील्डचे तेच. दुसरा सापळा सॉल्टचा, म्हणजे हॅश बनवताना मिसळायच्या जादा मजकुराचा : हॅशसाठीचे मूळ सॉल्ट सर्वांना सारखेच मिळते, आणि मोबाइल क्रमांकासारखे दहा अंकी मूल्य सगळे पर्याय चालवून शोधून काढणे आजच्या संगणकाला अवघड नाही. सॉल्ट बदलल्याशिवाय मास्किंगवर विसंबू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे व्यवस्थापनाला हा वेळ मागताना सांगता येईल.

रोल कितीही नीट आखले तरी डेटा डॅशबोर्डखेरीज इतर वाटांनीही बाहेर जातो. मॅनेजरकडून जाणारे ईमेल अलर्ट कोणत्याही रोलला विचारत नाहीत. ज्याचा पत्ता लिहिला आहे त्याला मजकूर जातो. ओपनसर्चच्या अलर्टिंगमध्ये बॅकएंड रोलनुसार (वापरकर्त्याच्या गटानुसार) गाळण्याची सेटिंग मूळ स्थितीत बंद असते, त्यामुळे एका गटाने बनवलेले मॉनिटर (पाळतीचे नियम) दुसऱ्या गटाला दिसतात. मॅनेजरच्या डिस्कवर सगळे अलर्ट एका जेसन फायलीत पडलेले असतात. आणि इंडेक्सरचे ॲडमिन प्रमाणपत्र ज्याच्या हाती आहे त्याला रोल लागूच होत नाहीत, म्हणून त्या सर्व्हरवर रूट (सर्व अधिकार असलेले खाते) म्हणून जाणाऱ्यांची यादी हीच आपली खरी ‘सर्वाधिकारी’ यादी समजावी.

‘ॲडमिन’ खात्याचा सामाईक वापर आजच थांबवावा. बाकी सगळे आठवड्याभराने झाले तरी चालेल. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे खाते द्यावे, शक्य असल्यास ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (विंडोजमधल्या वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून), आणि रोल व्यक्तीला न जोडता तिथल्या गटाला जोडावेत, म्हणजे माणूस बदली होऊन गेला की परवानगीही जाते. विक्रेत्याच्या बाबतीत मी अधिक कडक आहे : कायमची परवानगी न देता तक्रार नोंदवली गेल्यावर ठरावीक मुदतीचे, नावानिशी खाते उघडावे, आणि त्याला कोअरच्या सर्व्हरचे प्रवेशविषयक अलर्ट न दाखवता त्याच्या ॲप्लिकेशनच्या नोंदींचेच लेबल द्यावे. नोंदी पुसण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार या तिन्ही गटांपैकी कोणालाही नको. इंडेक्सरचे ऑडिट लॉगिंग चालू आहे का तेही पाहावे; यशस्वी वाचनाच्या नोंदी त्यात मूळ मांडणीत वगळलेल्या असतात, आणि ‘कोणी काय पाहिले’ हा प्रश्न आला तर नेमक्या त्याच लागतात.

तपासणी करताना गटाला हवे ते दिसते का, एवढेच पाहून थांबू नये. त्या खात्याने लॉगिन करून जे दिसायला नको ते मुद्दाम शोधावे, आणि तेही फक्त डॅशबोर्डवरून नव्हे, तर त्याच खात्याने ९२०० पोर्टवर इंडेक्सरला थेट विचारून, कारण डॅशबोर्डवर एखादा मेनू लपलेला असणे आणि डेटा खरोखर बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पोर्ट सामान्य वापरकर्त्यांच्या नेटवर्कमधून पोचण्याजोगे असेल तर फायरवॉलवर बंद करावे. सगळे जमले की सुरक्षा मांडणीचा बॅकअप घ्यावा : डॅशबोर्डवरून बनवलेले रोल इंडेक्सरच्या आत साठतात, आणि पुढे कोणी सिक्युरिटी ॲडमिन स्क्रिप्ट जुन्या फायलींसह चालवली तर ते सगळे रोल त्या फायलींमधल्या मजकुराने झाकले जातात. लेबले लावताना किंवा क्वेरी लिहिताना अडलात तर रोलची मांडणी, नावे व पत्ते काढून, इथेच टाकावी, मी पाहीन.